उरलेल्या होजरीच्या तुकड्यांतून घरच्या घरी टी-शर्ट: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

ब्लाउज येतो, पेटीकोट येतो, अगदी अस्तर लावलेला कुर्तासुद्धा येतो, पण होजरी म्हणजे टी-शर्टचं कापड समोर आलं की हात आखडतो असे खूप जण आहेत आणि कारण सगळ्यांचं एकच, "ते ताणतं ना". हो, ताणतं. पण त्याच्या कलाने घेतलं तर टी-शर्ट हा ब्लाउजपेक्षा कितीतरी सोपा कपडा आहे. टक्स नाहीत, हुक नाहीत, काजं-बटणं नाहीत, फक्त पाच तुकडे: पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी. आपल्याकडे मुंबईत घरोघरी शिवण शिकलं गेलं ते पॉपलिन आणि लाँगक्लॉथवर, होजरी घरात यायची ती तयार बनियन होऊनच, त्यामुळे आईकडून किंवा शिवणक्लासमधून जे शिकलो त्यातलं बरंच या कापडाला जसंच्या तसं लागू पडत नाही, एवढंच. सुई वेगळी, टाका वेगळा, कापायची दिशा वेगळी. हे तीन धरून ठेवलं तर बाकीचं नेहमीचं शिवणकामच आहे.

आणि उरलेल्या तुकड्यांवरच शिकावं असं माझं ठाम मत आहे. नवीन कापड आणलं की कात्री चालवायला भीती वाटते, तुकड्यांचं तसं होत नाही.

तुकडे कुठून आणायचे

आधी घरातलं कपाट. दहीहंडीचे, मंडळाचे, कंपनीच्या कार्यक्रमाचे डबल एक्सएल टी-शर्ट कुणी घालत नाही पण टाकतही नाही, एका मोठ्या टी-शर्टमधून लहान मुलाचा आख्खा टी-शर्ट निघतो आणि दोनांमधून मोठ्या माणसाचा. वापरलेला टी-शर्ट असेल तर पाठीचा भाग सगळ्यात चांगला राहिलेला असतो, काखेजवळचं आणि गळ्याजवळचं कापड मात्र घेऊ नका, ते विरलेलं असतं आणि घामाने कडकही झालेलं असतं.

बाहेरून आणायचं तर धारावीत तयार कपड्यांचे कारखाने भरपूर आहेत आणि कटिंगनंतर उरलेलं कापड किलोवर विकलं जातं. हिंदमाता आणि मंगलदास मार्केटमध्ये मुख्य माल ड्रेस मटेरियल आणि शर्टिंगचा, त्यामुळे तिथे "टी-शर्टची होजरी कटपीसमध्ये आहे का" असं स्पष्ट विचारत फिरावं लागतं (मंगलदास रविवारी बंद असतं, उगाच खेप घालू नका). दोरा, टेप, सुया यासाठी दादर स्टेशनबाहेरची दुकानं किंवा भुलेश्वर.

किलोवर घेताना हिशेब असा करायचा. टी-शर्टच्या कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. 180 जीएसएम हे नेहमीच्या टी-शर्टचं कापड, 140 पातळ, 220 च्या वर गेलं की मुंबईच्या हवेत गरम होतं. एम साइजच्या हाफ बाहीच्या टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर कापड लागतं म्हणजे 180 ग्रॅम, त्यात वाया जाणारं धरून 220 ते 250 ग्रॅम, म्हणजे एका किलोत चार टी-शर्ट बसतात. घरातले तुकडेसुद्धा किचनच्या वजनकाट्यावर टाकून बघा, पुरेल की नाही ते लगेच कळतं.

कापड ओळखणं, इथे घाई नको

पॉपलिनमध्ये उभे आणि आडवे धागे एकमेकांतून गेलेले असतात. होजरीत धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, स्वेटर विणतात तसे, फक्त अगदी बारीक. फासा ताणला की उघडतो, सोडला की मिटतो, ताण येतो तो इथून.

तुकडा खिडकीजवळ उजेडात धरा आणि नीट निरखा. साधी सिंगल जर्सी असेल (बाजारात तिला सिंकर म्हणतात) तर सुलट बाजूला बारीक बारीक इंग्रजी व्हीच्या उभ्या रांगा दिसतील आणि उलट बाजूला आडव्या छोट्या कमानी. ओळखायला अजून एक खूण आहे, आडवी कापलेली कड दोन्ही हातांनी धरून ताणा, ती आपोआप सुलट बाजूकडे गुंडाळते. दोन्हीकडे व्हीच दिसले, कड गुंडाळली नाही आणि कापड जरा भरीव लागलं तर ते इंटरलॉक, आणि पहिल्या टी-शर्टसाठी हे मिळालं तर डोळे मिटून घ्या, टेबलावर शांत पडून राहतं. उभ्या खाचा-उंचवटे असतील आणि रबरासारखं आडवं ताणत असेल तर ती रिब, ती गळ्याच्या पट्टीसाठी बाजूला ठेवायची. मॅटी म्हणजे कॉलरवाल्या टी-शर्टचं जाळीदार कापड, तेही चालतं. व्हिस्कोस लायक्रा मात्र पहिल्या वेळी नकोच, हातात घेतलं की मासोळीसारखं निसटतं.

आता ताण मोजा. आडव्या दिशेने 4 इंचावर दोन बोटं धरा आणि मोजपट्टीवर ठेवून जोर न लावता ताणा. 5 इंचापर्यंत गेलं म्हणजे 25 टक्के ताण, 6 पर्यंत गेलं म्हणजे 50 टक्के. ढगळ टी-शर्टला 25 टक्के पुष्कळ झाले. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडल्यावर परत येतं का. 4 वर परत आलं तर उत्तम, साडेचारवरच रेंगाळलं तर ते कापड अंगासाठी, म्हणजे पुढच्या-मागच्या भागासाठी, चालेल पण गळ्याच्या पट्टीसाठी अजिबात नाही, दोन धुण्यांत गळा लोंबेल.

सुती आहे की पॉलिस्टर हे कळत नसेल तर कडेचा धागा काढून बेसिनजवळ चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. लोकलने प्रवास करणाऱ्याने अंगाला सुतीच किंवा सुती जास्त असलेलंच घ्यावं, मंडळाच्या टी-शर्टचं पॉलिस्टर फार तर बाहीला किंवा पट्ट्याला वापरा.

धुऊन घ्या, नाहीतर पुढची मेहनत पाण्यात

सुती होजरी पहिल्या धुण्यात आटते आणि उंचीत जास्त आटते, म्हणून तुकडे आधी धुवायचेच, आणि पुढे टी-शर्ट जसा धुणार आहात तसेच, मशीनमध्ये तर मशीनमध्ये. वाळवताना एका टोकाला चिमटा लावून लटकवलं तर ओल्या वजनाने कापड लांब होतं, त्यापेक्षा दोन-तीन दोऱ्यांवर आडवं पसरा किंवा स्टँडवर टाका, पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी पूर्ण वाळू द्या कारण दमट कापडाचं माप खोटं येतं. गडद लाल किंवा काळा तुकडा पांढऱ्यासोबत जोडणार असाल तर ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागला तर ती जोडी सोडून द्या.

सामान

बॉल पॉइंट सुई, हे पहिलं आणि सगळ्यात गरजेचं. नेहमीच्या सुईचं टोक धारदार असतं, ते फासा फोडतं आणि धुतल्यावर शिलाईच्या बाजूला छोटी छोटी भोकं पडतात. बॉल पॉइंटचं टोक गोलसर असल्याने ते फाशाच्या मधून वाट काढतं. सिंकरला 11 नंबर, जाड इंटरलॉकला 12 किंवा 14. लायक्रा असेल तर स्ट्रेच लिहिलेली सुई मिळते ती घ्या. पाकीट उघडलं की डबीत ठेवा, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापड ओढते.

दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ताण सहन करत नाही, तुटतो. त्याशिवाय धारदार कात्री, खडू, बारीक टाचण्या, पाव इंची सुती टेप हातभर. बस.

मशीन कुठलंही चालेल. झिगझॅग असेल तर सोपं, पण घरातल्या जुन्या काळ्या पायमशीनवरही टी-शर्ट होतो, पुढे सांगते. ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्याने गुंफणारं) मशीन नाही म्हणून थांबू नका, होजरीची कड पॉपलिनसारखी सुटत नाही, धागे निघत नाहीत.

पेपर कटिंग

मापं घेऊन ड्राफ्टिंग करत बसू नका. ज्याला शिवायचं त्याचा अंगात नीट बसणारा टी-शर्ट घ्या, तो तुमच्या कापडाइतकाच ताणणारा हवा. वर्तमानपत्राचे दोन ताव चिकटपट्टीने जोडा. टी-शर्ट मधोमध उभा दुमडा, खांद्यावर खांदा, काखेवर काख, आणि दुमड कागदाच्या सरळ कडेला लावा. खालची कड, साइड, खांदा पेन्सिलने फिरवून घ्या. मुंढ्याला (बाही जोडतात त्या गोलाईला) बाही आडवी येते म्हणून मुंढ्याच्या शिलाईवर अर्ध्या-अर्ध्या इंचाला टाचणी उभी टोचत जा, कागदावर भोकं पडतील, ती नंतर जोडायची. गळ्यालाही तसंच, मागच्या गळ्याचं एक कटिंग आणि पुढच्या खोल गळ्याचं दुसरं, तयार पट्टी सोडून शिलाईच्या रेषेवर. बाही वेगळी, ती दुमडीवर ठेवून अर्धीच काढा.

आता मार्जिन. खांदा, मुंढा, साइड आणि बाहीची खालची शिलाई याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच, खालच्या घेराला आणि बाहीच्या तोंडाला एकेक इंच. ब्लाउजला आत दाब सोडतो तसा इथे सोडू नका, जाड मार्जिनमुळे कापड फुगून दिसतं.

कापायच्या आधी एक तपासणी करा. मापाची टेप उभी धरून, म्हणजे कडेवर उभी करून, मुंढ्याच्या वळणावरून फिरवा, पुढचा अधिक मागचा. मग बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी घ्या. दोन्ही सारख्या हव्यात, बाही फार तर अर्धा इंच जास्त चालेल. शर्टाच्या बाहीला असतो तसा झोळ टी-शर्टला लागत नाही.

तुकड्यांची मांडणी आणि कटिंग

जास्त ताण नेहमी अंगाभोवती आडवा आला पाहिजे, म्हणजे व्हीच्या रांगा खांद्यापासून घेराकडे उभ्या. बाहीतही तसंच, ताण दंडाभोवती. तुकडा पुरत नाही म्हणून आडवा फिरवायचा मोह होतो, तो मोह टाळा, त्यापेक्षा जोड द्या. घालताना डोकं अडकतं, दंड आवळतो, असा टी-शर्ट कपाटातच राहतो.

जोड कुठे द्यायचा हे तुकडेच सांगतात. पाठ आणि पुढचा भाग वेगळ्या रंगाचे, हा सगळ्यात सोपा प्रकार. उंची कमी पडली तर छातीच्या वर आडवा जोड द्या, काखेच्या इंचभर वर आला तर मुद्दाम केल्यासारखा दिसतो, बरोबर छातीच्या सगळ्यात रुंद जागी आला तर दिसायला वाईट. रुंदी कमी पडली तर दोन्ही साइडना काखेपासून खालपर्यंत पट्टा. प्रत्येक जोडाला पेपर कटिंग कापून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच वाढवायला विसरू नका, नाहीतर तयार टी-शर्ट इंचाने आखूड. आणि पुढे-मागे येणाऱ्या मोठ्या तुकड्यांची जाडी आणि ताण जवळपास सारखा असू द्या. पुढे 140 आणि मागे 220 असं केलं तर जड पाठ हलक्या पुढच्या भागाला खेचते आणि खांद्याची शिलाई मागे सरकते.

सिंकरची आणखी एक खोड आहे. धाग्याला असलेल्या पिळामुळे हे कापड धुतल्यावर तिरकं फिरतं, रेडीमेड टी-शर्टची साइडची शिलाई पोटावर आलेली तुम्ही पाहिली असेल, ती त्यामुळेच. म्हणून तुकड्याची कड किंवा जुनी घडी सरळ आहे असं धरून चालू नका. एक व्हीची रांग डोळ्याने पकडा, तिच्यावरून खडूने वरपासून खालपर्यंत रेघ ओढा आणि पेपर कटिंगची मधली रेषा त्या रेघेला समांतर ठेवा. वेळ लागतो, डोळे ताणतात, पण हे केलं तर फरक दिसतोच.

कापायला हॉलमधली फरशी बेस्ट, पुसून कोरडी करून. पलंगाच्या कडेवरून कापड खाली लोंबत असेल तर ते स्वतःच्या वजनाने ताणलं जातं आणि तुम्ही ताणलेलं कापता. कागदावर टाचण्यांऐवजी स्टीलचे डबे, बत्ता काहीही जड ठेवा. तुकडे एकेरीच कापा, दुहेरी घडीत खालचा थर सरकतो. एकेरी कापताना दुसऱ्या बाहीसाठी कागद उलटा करायचा, पुढच्या-मागच्या भागाचा दुसरा अर्धाही कागद मधल्या रेषेवर पलटूनच. कात्रीचं खालचं पातं फरशीवरून उचलू नका. मुंढ्याच्या खुणांना खोल कट देऊ नका, खडूने टिंब पुरे.

मशीन लावणं

कापलेल्यातल्या कात्रणांवर आधी शिवून बघा, हे दर नवीन कापडाला.

झिगझॅग मशीनवर रुंदी 1, लांबी अडीच. इतकं अरुंद झिगझॅग लांबून सरळ शिलाईसारखंच दिसतं पण ताणलं की उघडतं. कात्रणावर आडवी 4 इंच शिलाई मारा आणि चांगली ताणा. दोरा तुटला तर रुंदी थोडी वाढवा किंवा वरचा टेन्शन (वरच्या दोऱ्याचा ताण) सैल करा. टाके सुटत असतील तर दहातल्या नऊ वेळा दोष सुईचा, नवीन लावा आणि पूर्ण वर ढकलून बसवली आहे ना बघा. शिलाई लाटेसारखी फुलत असेल तर मशीनचा पाय कापड फार दाबतोय, वरचा दाबाचा स्क्रू सैल करा.

सरळ टाक्याचंच मशीन असेल तर टाका जरा बारीक ठेवा, इंचात 12 च्या आसपास, वरचा टेन्शन अर्धा फेरा सैल, आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी अगदी किंचित ताणून धरा. दोन्हीकडून सारखं. मागून ओढलं तर सुई वाकते. सुरुवातीलाच कापड आत ओढलं जात असेल तर खाली साध्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा, छापील कागद नको, शाई लागते.

शिवायचा क्रम

*जोड आणि खांदे*

असतील ते जोड पहिले. मग खांदे, सुलट बाजू आत. खांद्यावर टी-शर्टचं सगळं वजन लटकतं म्हणून तिथे ताण नकोच, शिलाईबरोबर पाव इंची सुती टेप घ्यायची. टेपची लांबी कापडावरून मोजू नका, कागदावरच्या खांद्याइतकी कापा, कापड हाताळताना तोवर थोडं लांब झालेलं असतं. टेप नसेल तर जुन्या पॉपलिनची काठाची चिंधी चालते.

*गळा*

टी-शर्ट घरचा वाटतो की दुकानातला, हे गळ्यावर ठरतं. घाईत शिवू नका.

पट्टीसाठी रिब असेल तर छान, नसेल तर अंगाचंच कापड चालतं जर ते ताणून परत येत असेल. पट्टीची लांबी आडव्या ताणाच्या दिशेने, रुंदी 2 इंच. दुमडून एक इंच होते, पाव इंच शिलाईत जातो, पाऊण इंच दिसते.

लांबी किती? खांदे जोडल्यावर गळ्याची शिलाईची रेषा मापाची टेप उभी धरून मोजा, समजा 19 इंच भरली. पट्टी त्याहून लहान हवी कारण पट्टीची शिलाईकडची कड बाहेरच्या मोठ्या गोलावर असते आणि दुमडीची कड आतल्या लहान गोलावर, आतली कड थोडी ओढलेली असेल तरच पट्टी छातीवर सपाट बसते. पट्टी लांब राहिली तर गळा उभा राहतो, फार लहान झाली तर टी-शर्टला चुण्या पडतात. रिबला गळ्याच्या 80 ते 85 टक्के, लायक्रावाल्या कापडाला 85, साध्या सिंकरला 90. 19 चे 85 टक्के म्हणजे सव्वासोळा इंच, त्यात जोडाचं अर्धा इंच, पावणेसतरा कापायची. शिवायच्या आधी पट्टी टाचणीने गोल जोडून डोक्यातून घालून बघा. मोठ्या माणसाचं डोकं घेरात 22-23 इंच असतं, तेवढी ती ताणली पाहिजे. कानाशी अडली तर गळाच थोडा खोल करावा लागेल, पट्टी वाढवून काम होणार नाही.

पट्टीचा गोल शिवा, उलट बाजू आत घेऊन लांबीत दुमडा, हलकी इस्त्री. आता पट्टीचे चार सारखे भाग करा आणि खडूने खुणा करा, जोड मागे मधोमध. गळ्याचेही चार सारखे भाग, आणि इथे लक्ष द्या, खांद्याची शिलाई म्हणजे पाव भाग नव्हे. पुढचा गळा खोल असल्याने मागच्यापेक्षा लांब असतो, म्हणून पाव भागाची खूण खांद्यापासून जवळजवळ इंचभर पुढे येते. मागचा मध्य आणि पुढचा मध्य एकमेकांवर ठेवून गळा दुमडला की बाजूच्या दुमडी आपोआप बरोबर जागी येतात. खुणेवर खूण, चार टाचण्या, पट्टी टी-शर्टच्या सुलट बाजूवर, सगळ्या कापलेल्या कडा एकत्र.

शिवताना पट्टी वर ठेवा आणि मागच्या मध्यापासून सुरुवात करा. दोन टाचण्यांमधली पट्टी खालच्या कापडाइतकी होईपर्यंत ताणायची, खालचं कापड मात्र ताणायचं नाही, ते नुसतं पडून राहू द्या. एका वेळी एक पाव भाग, सुई कापडात रुतवून थांबायचं, हात नीट करायचे, मग पुढचा. पूर्ण झालं की मार्जिन अंगाकडे वळवून शिलाईला लागून अंगावर एक झिगझॅग मारा, पट्टी उलटत नाही. वरून ओला कपडा ठेवून इस्त्री, दाबून उचलायची, सरकवायची नाही. वाफ लागली की पट्टीच्या बारीक चुण्या बसतात, त्यामुळे इस्त्रीच्या आधी बघून उसवायला बसू नका.

*बाह्या आणि साइड*

बाही टी-शर्ट सपाट असतानाच लावायची, साइड शिवायच्या आधी. बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर, दोन टोकं काखेत, मधे दोन टाचण्या, आणि जे कापड थोडं जास्त आहे ते खाली ठेवून शिवा. मग बाहीच्या तोंडापासून काखेतून खालच्या घेरापर्यंत एका दमात एक शिलाई. काखेतल्या दोन्ही शिलाया समोरासमोर आल्या पाहिजेत, तिथे आधी कच्चा टाका घाला. दोन्ही बाजूंना पहिल्या शिलाईच्या बाहेर पाव इंचावर दुसरी मारून उरलेलं कापून टाका.

आत अगदी दुकानासारखं हवं असेल तर जवळच्या पिको-फॉलवाल्याकडून ओव्हरलॉक मारून घ्या. दोन खेपा कराव्या लागतील, एकदा खांदे आणि बाह्या जोडून झाल्यावर, दुसऱ्यांदा साइड शिवल्यावर. त्यांना आधीच सांगा की होजरी आहे, ताणून मारू नका.

*खालची दुमड*

एकदा घालून बघा, आरशात उंची ठरवा, मग एकेरीच दुमडा. कड सुटत नसल्याने दुहेरी दुमड लागत नाही, ती जाड होऊन बाहेर फेकते. आधी इस्त्रीने दुमड बसवा, धावदोरा घाला आणि सुलट बाजूने शिवा.

झिगझॅग मशीन असेल तर जोडसुई (एकाच दांड्यावर दोन सुया) वापरता येते, 4 मिलिमीटर अंतराची. वर दोन समांतर ओळी येतात आणि खालून बॉबिनचा दोरा नागमोडी जातो, त्यामुळे शिलाई ताणते. लावल्यावर आधी चाक हाताने एक फेरा फिरवून सुई कुठे आपटत नाही ना बघा आणि रिव्हर्स मारू नका. सरळ टाक्याच्या मशीनवर जोडसुई लावायचीच नाही, त्याच्या सुईखालच्या पत्र्याला एकच बारीक गोल भोक असतं, सुई आपटून तुटते आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. अशा मशीनवाल्यांनी किंचित ताणून दोन सरळ शिलाया माराव्या किंवा हाताने सैल तुरपाई करावी, लहान मुलांच्या टी-शर्टला तर तुरपाईच छान दिसते. घेर लहरीसारखा फुलला असेल तर ओल्या कपड्यावरून वाफ द्या आणि गार होईपर्यंत वर जाड पुस्तक ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच बसतो.

घालून बघा

दोन्ही हात वर करा, लोकलमध्ये हँडल धरतो तसे. टी-शर्ट पोटावरून फार वर चढला तर मुंढा जास्त खोल आहे, पेपर कटिंगवर काखेचा बिंदू अर्धा इंच वर घ्या आणि बाहीलाही तेवढाच बदल करा. पाठीवर मानेखाली आडवी घडी पडत असेल तर मागचा गळा पाव इंच खाली उतरवा. हे बदल त्याच दिवशी कागदावर करून टाका, सोबत कापडाचा प्रकार आणि पट्टीची लांबीही लिहा. वर्तमानपत्राचा कागद पावसाळ्यात दमटून मऊ पडतो, म्हणून माप एकदा बरोबर बसलं की ब्राऊन पेपरवर उतरवून घ्या आणि घडी न घालता गुंडाळी करून ठेवा. कात्रणांतले 2 इंच रुंद आणि 16-17 इंच लांब, आडवे ताणणारे तुकडे फेकू नका, पुढच्या टी-शर्टच्या गळ्याला तेच लागतील.